नाव वेगळे हवे, पण आपले हवे

डिसेंबर १९०५. ब्रह्मदेशातील मिंजान गावी करमरकर नावाच्या मराठी कुटुंबात एक मुलगी जन्माला आली. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे राहत होते. त्या काळी मराठी घरात मुलीचे नाव गंगा, यमुना, गोदावरी असे नदीवरून ठेवण्याची रीत होती. करमरकरांनी ती रीत मोडली नाही. फक्त नदी बदलली. ज्या भूमीत मूल जन्मले, तिथल्या मोठ्या नदीचे नाव त्यांनी मुलीला दिले. ती मुलगी म्हणजे पुढे समाजशास्त्रज्ञ आणि 'युगान्त'च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या इरावती कर्वे.

आपल्या बाळासाठी 'जरा वेगळे' नाव शोधणाऱ्या आजच्या आईवडिलांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इरावती हे नाव वेगळे होते, पण परके नव्हते. पंजाबातील रावी नदीचे जुने नाव इरावतीच असल्याने संस्कृत वाचणाऱ्याला ते ओळखीचे होते. नदीवरून नाव ठेवण्याची चाल घरची होती, आणि कुटुंबाच्या आयुष्यातील एक प्रवास त्या नावात कायमचा नोंदला गेला होता. रीत जुनी, अर्थ स्पष्ट आणि आठवण स्वतःची, या तीन गोष्टी जुळल्या की नाव वेगळेही होते आणि आपलेही राहते.

आजोबांचे नाव नातवाला

घराण्याचे नाव पुढे चालवण्याची आपल्याकडील रूढ पद्धत म्हणजे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देणे. पेशव्यांच्या घराण्यात ती स्वच्छ दिसते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बल्लाळ आणि बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी बाजीराव. अनेक घराण्यांच्या वंशावळीत अशी दोनतीन नावे आलटून पालटून पिढ्यान्पिढ्या येत राहतात.

या पद्धतीत एक अडचण होती. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, असा दंडक होता. तेच नाव मुलाला दिले, तर आईने त्याला हाक तरी कशी मारावी आणि रागवावे तरी कसे? त्यातून मार्ग निघाला तो घरच्या हाकेच्या नावाचा. नाना, बापू, अप्पा, तात्या, अण्णा ही नावे अनेक घरांत अशीच रुजली. बाळाजी बाजीराव घरात आणि इतिहासातही नानासाहेब म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे एक नाव वारशाचे आणि एक हाकेचे, ही सोय आपल्या परंपरेत पूर्वीपासूनच आहे.

वंशावळीतून हरवलेली नावे

मात्र 'घराण्याचे नाव' म्हणताना आपण कोणाची नावे आठवतो? बहुतेक घरांत पणजोबांचे, खापरपणजोबांचे नाव कोणीतरी सांगू शकते. त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव विचारले, की घर गप्प होते. लग्नात नवरीचे आडनाव बदलेच, पण पहिले नावही बदलण्याची चाल मराठी समाजातील अनेक घरांत होती. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहिले जाई. त्या क्षणापासून माहेरचे नाव फक्त माहेरी उरे, आणि आईवडील गेल्यावर तिथेही उरत नसे.

ज्या स्त्रियांची चरित्रे लिहिली गेली, त्यांची तरी ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. भारतातील आद्य महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुनाच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका तांबे, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या आणि सर्वांच्या 'बाया' म्हणून राहिल्या. गोदू हे गोदावरीचे घरगुती रूप. त्यांचे पुत्र दिनकर यांच्याशी विवाह करून इरावती कर्वे त्याच घरात आल्या आणि इरावतीच राहिल्या. सासूचे नदीचे नाव लग्नात गेले, सुनेचे टिकले. एका पिढीत किती फरक पडला, हे दोन नावांवरून कळते.

म्हणूनच वेगळे आणि तरीही घरचे नाव हवे असेल, तर शोधाची पहिली जागा म्हणजे आजीचे आणि पणजीचे माहेर. तिथे सापडलेले नाव आज दुर्मीळ असण्याची शक्यता मोठी. शिवाय ते पुन्हा उच्चारले गेले, तर जिचे नाव पुसले गेले होते तिला ते परत दिल्यासारखे होते. मुलगी असेल तर नाव जसेच्या तसे देता येते. मुलगा असेल तर त्याच्या अर्थाचा धागा धरता येतो. पणजी बकुळा असेल तर पणतू बकुळ होऊ शकतो.

शोध कोठे घ्यावा?

सर्वांत मोलाचा कोश म्हणजे घरातील वृद्ध मंडळी. त्यांच्याजवळ बसून आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही बाजूंच्या निदान चार पिढ्यांची नावे लिहून घ्यावीत. नाव, हाकेचे नाव, माहेरचे नाव, गाव आणि त्या व्यक्तीविषयी एखादी आठवण अशी नोंद केली तर ती नाव ठरल्यावरही उपयोगी पडते. काही घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांच्या नोंदी असतात. जुनी पत्रे, लग्नपत्रिका, सातबाराचे उतारे आणि भांड्यांवर घातलेली नावेही बोलकी असतात.

दुसरा साठा कुलदैवताचा. जेजुरीच्या खंडोबाचे मल्हार आणि मार्तंड सर्वांना ठाऊक आहेत. त्याच्या म्हाळसा आणि बाणाई मात्र नावांच्या यादीत क्वचित दिसतात. कोल्हापूरजवळच्या जोतिबावरून केदार येतो. तुळजापूरच्या भवानीवरून तुळजा, माहूरवरून रेणुका, अंबाजोगाईवरून योगेश्वरी. गोव्यातील मंगेश, नागेश, शांतादुर्गा आणि दक्षिण कोकण-गोव्यातील रवळनाथ यांच्यावरून ठेवलेली नावे तर त्या कुटुंबाचे मूळ ठिकाणच सांगतात.

तिसरा साठा गावाचा आणि शिवाराचा. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या मानल्या गेलेल्या पाच नद्या कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. यांपैकी तीन नावे घराघरांत पोहोचली, कोयना आणि वेण्णा मागे राहिल्या. नगर-नाशिककडची प्रवरा, खानदेशातील गिरणा, चिपळूणची वाशिष्ठी, आळंदीची इंद्रायणी यांचेही तसेच. फुलांत जाई, जुई, सायली रुळल्या. सिंधुदुर्गातील सुरंगी अजून वाट पाहते आहे. अनेक आदिवासी समाजांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल आहे. बुध्या, मंगळी, शुक्ऱ्या अशा नावांत जन्माचा दिवसच नोंदलेला असतो.

चौथा साठा जुन्या मराठीचा. नामदेवांच्या घरात आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई आणि मुलगी लिंबाई होत्या. चोखामेळ्यांच्या घरात पत्नी सोयरा आणि बहीण निर्मळा. तुकारामांचे वडील बोल्होबा आणि आई कनकाई. मराठीतील आद्य कवयित्री मानली गेलेली महदंबा महानुभावांच्या ग्रंथांत महदाइसा म्हणूनही येते. त्याआधीचे पाहायचे तर नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा. बलश्रीचा मुलगा इतिहासात आईच्या नावानेच, गौतमीपुत्र सातकर्णी म्हणून, ओळखला जातो.

वारसा एका रंगाचा नसतो

वारशाचे नाव म्हणजे संस्कृत नावच, असा एक समज अलीकडे दृढ झालेला दिसतो. आपला इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मालोजीराजे भोसले यांनी आपल्या दोन पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ती अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथील शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेतून, असे परंपरा सांगते. मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल इझिकेल दिवेकर मराठी मुलखात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून वावरले. हिब्रू नावाला 'जी' लागला, आडनाव कोकणातील गावावरून आले, आणि दोन्ही वारसे एका नावात नांदले.

वारसा जन्माने मिळतो तसा तो विचारपूर्वक स्वीकारताही येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावावरून त्याला मिलिंद हे नाव मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील लाखो घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे आली. ज्यांच्या आजोबांना गावाने अवमानकारक नावाने हाका मारल्या, त्यांनी नातवंडांसाठी निवडलेला तो मानाचा वारसा होता.

घराची आवड हाही वारसाच. मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांनी आवडत्या संगीतकाराच्या, सचिन देव बर्मन यांच्या नावावरून धाकट्या मुलाचे नाव सचिन ठेवले. त्या नावाचे पुढे काय झाले, हे सांगण्याची गरज नाही.

सारेच जपावे असे नाही

जुन्या नावांचा शोध घेताना एक सत्य समोर येते. काही नावे प्रेमाने दिलेली नव्हती, काही भीतीपोटी दिलेली होती. आधीची मुले दगावली, की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवली जात. त्या नावांमागे आईवडिलांचा जीव टांगणीला लागलेला असे. अशा पणजोबांची आठवण ठेवावी, त्यांची कथा मुलाला सांगावी; पण नाव तेच द्यायला हवे असे नाही. दगडू नावाच्या पूर्वजाचा मान राखायचा, तर त्यामागची 'हे मूल जगावे' ही इच्छा धरून चिरंजीव, अक्षय अशा अर्थाचे नाव देता येते.

'नकुशी'ची गोष्ट याहून कठोर. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून 'नको असलेली' हे तिचे नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव हा केवळ हाकेचा शब्द नसून घराने त्या जिवाविषयी दिलेला पहिला अभिप्राय असतो, हे त्या मुलींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. वारसा निवडताना हीच कसोटी लावावी. जे नाव ऐकून मुलाला आपण हवेहवेसे होतो असे वाटेल, तेच पुढे न्यावे.

निवडलेले नाव पारखून घ्या

अर्थ आधी तपासावा. नावांच्या याद्यांत दिलेले अर्थ अनेकदा कल्पित असतात. 'रेयांश' म्हणजे किरणांचा अंश, असे सर्रास सांगितले जाते. पण किरण या अर्थाचा 'रे' हा शब्द इंग्रजीतील आहे. संशय आला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावा. पौराणिक नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश उपयोगी पडतो. त्या नावाच्या व्यक्तीचे पुढे काय झाले, हेही त्यात कळते.

नंतर नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. दारातून हाक मारल्यासारखे, शिक्षकांनी हजेरी घेतल्यासारखे आणि पूर्ण नावासह. वर्गातील मित्र त्याचे काय रूप करतील, याचाही अंदाज घ्यावा, कारण मराठी मुले कोणत्याही नावाला 'या' किंवा 'डी' लावल्याखेरीज सोडत नाहीत.

मूल परदेशी वाढणार असेल किंवा पुढे जाण्याची शक्यता असेल, तर रोमन लिपीचाही विचार करावा. तिच्यात 'ळ'साठी स्वतंत्र अक्षर नाही, 'ज्ञ' प्रत्येक प्रांतात निराळ्या तऱ्हेने लिहिला जातो, आणि आर्य व आर्या एकाच प्रकारे लिहिले जातात. म्हणून 'ळ'चे नाव टाळावेच असे नाही. मात्र रोमन लिपीतील एकच वर्णलेखन ठरवून सर्व कागदपत्रांवर तेच ठेवावे.

शेवटी, ज्यांच्या स्मरणार्थ नाव द्यायचे त्यांच्या जवळच्यांना विचारावे. हयात व्यक्तीचे नाव देणे काही घरांत मानाचे, तर काही घरांत अशुभ समजले जाते. गेलेल्या मुलाचे किंवा भावंडाचे नाव असेल, तर ते रोज ऐकणे घरातील एखाद्याला सुखाचे वाटेल आणि दुसऱ्याला सोसणार नाही. हा निर्णय बारशाच्या आदल्या रात्री घेऊ नये.

एका बाळाला चार नावे

आजीला एक नाव हवे, आत्याने दुसरे ठरवलेले आणि आईवडिलांच्या मनात तिसरेच. हा प्रसंग नवा नाही, आणि परंपरेने त्यावर उपायही ठेवला आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत बाळाला चार नावे सांगितली आहेत. कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, जन्मनक्षत्राच्या चरणाक्षरावरून एक आणि व्यवहारासाठी एक. त्यामुळे नक्षत्राचे अक्षर व्यवहारातील नावाला लागलेच पाहिजे असे बंधन नाही. त्यासाठी नाक्षत्र नाव आहेच. घराण्याचे जुने नाव व्यवहारात जड वाटत असेल, तर ते पाळण्यात ठेवावे. बायका पाळण्याभोवती जमतात, बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवले जाते, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि तिच्या पाठीवर थापा पडतात. त्या क्षणी पणजीचे नावही बाळाच्या कानात सांगितले गेले, तरी ते घरात पुन्हा आले असेच म्हणावे.

कागदोपत्री

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करणे आवश्यक असते. मात्र त्या वेळी नाव ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. नावाशिवाय नोंद करून नंतर १२ महिन्यांच्या आत नाव कळवता येते. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव नोंदवण्याची तरतूद आहे. तेव्हा रुग्णालयातील अर्ज समोर आला म्हणून घाईने नाव ठरवू नये.

एकदा नोंदवलेल्या नावाचे महत्त्व मात्र आता वाढले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून दाखला हाती येताच देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींतील अक्षर अन् अक्षर तपासावे.

महाराष्ट्रात आणखी एक बदल झाला आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात गौतमीपुत्राने जे मिरवले, ते आता प्रत्येक बाळाच्या दाखल्यावर आले. आजची आई निदान कागदावर हरवणार नाही.

पण तिच्या आईचे, आजीचे आणि पणजीचे नाव कोणत्याही दाखल्यावर येणार नाही. ते आठवणारी माणसे घरात आहेत तोवरच विचारता येईल. बाळाचे नाव ठरवण्याच्या निमित्ताने ती वही उघडावी. त्यातले एखादे नाव बाळाला मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले, तरी पुढे कधी 'माझे नाव असे का ठेवले?' असे मुलाने विचारले, तर त्याच्यापुढे ठेवायला ती वही घरात असेल.